खेट्याच्या रात्रीची साखर

माघातला रविवार, रात्री साडेनऊ

खेट्याहून, म्हणजे माघातल्या रविवारी जोतिबाला पायी जाऊन आलेली माणसं पाय चेपत बसली की वाटतं, झालं आता. इन्सुलिन घेणाऱ्याची काळजी मात्र तिथून पुढे असते. जोतिबाचा डोंगर चढलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून घात चढावरच होतो असं नाही, पहाटे तीनलाही होतो. इंजेक्शन मांडीत घेऊन चालायला लागलं तर ते आणखी लवकर भिनतं. त्या दिवशी पोटावर घ्यावं, आणि डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र लपत नाही. मानेवर गार, चिकट घाम आणि त्याचं चिडून "मला काय झालंय? गप बसा की!" हे दोन्ही एकदम आलं, की वाद घालायचा नाही, बोट टोचायचं. ७० च्या खाली म्हणजे लो, साखर उतरलेली. मशीन हाताशी नसेल तर लो धरूनच चालायचं.

पण बोट आधी धुवायचं. गूळ फोडलेल्या चिकट बोटावर मशीन १८० दाखवेल, आणि अंगात असेल ५५.

मग १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, अर्धा पेला पाण्यात. घड्याळ बघून १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच. ही पंधरा मिनिटं घरच्यांना निघत नाहीत. कुणी पेढा भरवतं, कुणी वर उसाचा रस पाजतं, आणि तासाभरात आकडा ३०० वर. पेढ्यातल्या खव्यामुळे साखर चढते उशिरा, त्यामुळे ऐनवेळी त्याचा उपयोग नाही. गूळ चालतो, आपल्याकडे घरोघरी असतोही, पण खड्याचं माप कोण सांगणार? व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर-गूळ पटकन लागू पडत नाही, मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच हवी. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणारा सावरला तरी पुढचा दिवसभर नजरेत ठेवायचा, साखर पुन्हा घसरते.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीसुद्धा. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आज आबांनी रस्सा भरपूर ओरपला, भाकरी अर्धीच खाल्ली. रश्श्याने साखर फारशी चढत नाही. झोपताना ९६. दूध-भाकरी दिली. तीनचा गजर लावलाय, ग्लुकोजचा डबा उशाशी.