चौदा नंबरचा चिमटा

पुण्यात रेल्वेचं मॉडेल म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे कोथरूडला जोशींचं आहे तसं?" १९९८पासून ते संग्रहालय चालू आहे आणि निम्म्या पुण्याची शाळेची सहल तिथे जाऊन आलेली असते. आमचा व्याप तेवढा नाही. एरवी आम्ही बिल्डर लोकांसाठी इमारतींची मॉडेलं करतो. पण मध्ये एका संस्थेनं त्यांच्या दालनासाठी चालत्या गाड्यांसकट बोरघाट मागितला आणि मी हो म्हणून बसले.

कर्जत ते लोणावळा रुळावरून २८ किलोमीटर. १:८७च्या मापात तेवढं मांडायचं तर सव्वातीनशे मीटर जागा हवी. आम्हाला मिळाली होती एक भिंत. त्यामुळे घाट दुमडला, बोगदे निवडून घेतले, पण चढ मात्र खराच ठेवला, ३७ला १. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात ती याच चढासाठी, आणि मॉडेलमध्येही मागून ढकलणारं इंजिन लावलं की बघणाऱ्याला कारण आपोआप कळतं.

या चढाचा एक त्रास कुणी आधी सांगत नाही. गोल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर लोणावळ्याला ठेवला की तो थेट कर्जतला पोचतो, वाटेत झाडं आडवी करत. म्हणून आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच नियम झाला, की लेआउट, म्हणजे रूळ-डोंगरासकट मांडलेलं मॉडेल, हे टेबल नाही. त्यावर काहीही ठेवायचं नाही, पट्टीसुद्धा नाही. रुळांत डिजिटल कंट्रोलचे १५ व्होल्टच्या आसपास कायम खेळत असतात. स्टीलची पट्टी दोन रुळांवर आडवी पडली की रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ट्रिप होतो आणि मग सगळे गुडघ्यावर बसून वायरिंग तपासत बसतात.

नियम माझा, पण तो पाळायची व्यवस्था काकांची. काका म्हणजे पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी बसवेना म्हणून आमच्याकडे येतात. आल्या आल्या त्यांनी माझा लाडका पेगबोर्ड बघितला. सगळ्या पकडी एका ओळीत, कानशी दुसऱ्या ओळीत, ब्रश तिसऱ्या. म्हणाले, "ताई, फोटोला छान आहे."

त्यांनी हत्यारं जातीप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावली. रुळाच्या डब्यात रेल कटर, नीडल फाइल, गेज, फिशप्लेट आणि बारीक ड्रिलचा हातगिरमिट. तारांच्या डब्यात स्ट्रिपर, सोल्डरिंगची गन, फ्लक्स, मल्टिमीटर. देखाव्याच्या डब्यात ब्रश, ड्रॉपर, स्काल्पेल, चिमटे. कटर दोन डब्यांत लागत असेल तर दोन कटर. बोहरी आळीत दुसरा कटर घ्यायला जे पैसे पडतात त्यापेक्षा दिवसभर कटर शोधत फिरणाऱ्या माणसाचा पगार जास्त पडतो, हे त्यांनी मला बोटं मोजून दाखवलं. आणि जो टेबलाखाली शिरणार त्याच्या कमरेला खिशांचा एप्रन, कारण पाठीवर झोपून वायरिंग करताना मल्टिमीटर हातभर लांब राहिला तर तो लांबच राहतो.

त्यावर बिल्ले. प्रत्येकाला नाव ठोकलेले पितळी बिल्ले. हत्यार उचललं की त्याच्या नंबरच्या खिळ्यावर आपला बिल्ला लटकवायचा. संध्याकाळी काका सगळे खिळे बघतात. बिल्ला लटकलेला दिसला की घरी जाणं बंद. मुलं पहिल्यांदा खूप हसली.

त्या दिवशी बोगद्याची मागची बाजू बंद करायची होती. डोंगर तीन बाजूंनी प्लास्टरच्या पट्ट्यांनी झाकून झाला होता. मागच्या बाजूला फक्त हात जाईल एवढं भोक उरलं होतं आणि ते बुजवून दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा लेआउट भिंतीला टेकवायचा होता. एकदा टेकला की मागून काही नाही. मी खालून झडप मागितली होती, पण संस्थेच्या इंटिरियरवाल्यांना खालची पॅनेलिंग सलग हवी होती. दुपारी इंजिन फिरवून बघितलं, झकास गेलं. मग त्यांचा इलेक्ट्रिशियन बोगद्याच्या तोंडाशी दिवे लावून गेला. संध्याकाळी सुतार पट्ट्या भिजवून तयार, आणि काका खिळ्यांपाशी थांबलेले.

चौदा नंबर. चिमटा. खिळ्यावर आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाचा बिल्ला.

मुलगा रडकुंडीला आला. ट्रे उलटा केला, एप्रनचे खिसे झाले, केरसुणीनं सगळी जमीन झाडली. संस्थेचे सुपरवायझर घड्याळ बघत होते. "ताई, चिमट्याची किंमत किती? मी देतो. बुजवा आता."

काका म्हणाले, "पैशाचं नाही साहेब. तो कुठं आहे ते कळल्याशिवाय भोक बुजणार नाही."

दोरीला निओडिमियमचा चुंबक बांधून तो भोकातून आत सोडला. रूळ ठोकायच्या दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि एक स्क्रू वर आला. त्याही आल्या ते बरंच झालं. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो, असला बारीक लोखंडी ऐवज तो खालून उचलतो आणि गिअरमध्ये भरतो. रूळ पुसायला तारेचा काथ्या आमच्याकडे वर्ज्य आहे तोही त्यासाठीच. पण चिमटा आला नाही आणि येणारही नव्हता. चुकांना चिकटू नये म्हणून मुद्दाम अँटी-मॅग्नेटिक स्टेनलेसचे चिमटे घेतले होते. चुंबक त्याला ओळखही दाखवत नाही. कापलेल्या रुळाच्या तुकड्यांचं तेच, निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यामुळे चुंबक फिरवून बोगदा साफ झाला असं समजणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

"रुळावर करंट सोडा," सुपरवायझर म्हणाले. "आडवा पडला असेल तर ट्रिप होईल ना?"

मुद्दा बरोबर होता. सोडला. ट्रिप झाला नाही. इंजिनही या तोंडातून त्या तोंडात सुरळीत गेलं.

"बघा, नाहीये आत."

"रुळावर नाहीये," काका म्हणाले. "आत नाही असं कुठं म्हटलं मी?"

बोगदा वळणावर, त्यामुळे तोंडातून टॉर्च मारला तर समोर नुसती भिंत. मग मला तपकीर गल्लीतून आणलेला एंडोस्कोप कॅमेरा आठवला. पेन्सिलीएवढा जाड, टोकाला दिवे, वायर मोबाइलला लागते. तो रबरबँडनं एका सपाट वॅगनवर बांधला, मागे इंजिन लावलं आणि अगदी हळू ढकलत नेला. मोबाइलवर रूळ दिसतायत, स्लीपर दिसतायत, आम्ही केलेलं बॅलास्ट, म्हणजे रुळांखालची खडी, खरं वाटावं इतकं छान दिसतंय. चिमटा नाही. सुपरवायझरांनी उसासा टाकला.

"आता कॅमेरा आडवा बांधा, भिंतीकडे तोंड करून," काका म्हणाले.

आतल्या बाजूची भिंत, काही नाही. कॅमेरा फिरवून बाहेरच्या बाजूला केला. वळणाच्या मध्यावर मोबाइलवर एक पांढरी रेघ चमकली. गाडी थांबवली, बोटभर मागे घेतली. चिमटा भिंतीला तिरका टेकून उभा होता, मूठ बॅलास्टमध्ये आणि दोन्ही टोकं रुळाकडे झुकलेली.

इंजिन सुटलं कारण ते आखूड होतं. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि वळणावर त्याचे कोपरे बाहेर फेकले जातात. दुसऱ्या दिवशी डबे लागले असते की पहिल्याच फेरीत कोपरा चिमट्याला लागून गाडी बोगद्यातच रुळांवरून उतरली असती, किंवा चिमटा रुळांवर आडवा. पाहुण्यांसमोर डोंगर फोडायची वेळ आली असती.

सगळ्यात बारीक हात त्या मुलाचाच. तारेचा आकडा करून त्यानं भोकातून तो अलगद ओढून काढला. मग हळूच म्हणाला, "दिवेवाल्या काकांनी मागितला होता, वायर ओढायला. नाही कसं म्हणू?" ही अडचण मला पटली. चाळिशीचा माणूस "दे रे जरा" म्हणाला तर एकोणीस वर्षांचं पोर बिल्ला मागत नाही. काका मात्र म्हणाले, "बिल्ला ज्याचा, हत्यार त्याचं. उद्या मागितलं तर माझ्याकडे पाठव." आणि त्याचा बिल्ला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला.

भोक बुजलं. त्याच रात्री मी जिगसॉनं खालून झडप कापली. इंटिरियरवाल्यांचा सकाळी चेहरा पडला, पण सुपरवायझर या वेळी माझ्या बाजूनं बोलले. चिमट्यांच्या मुठीला मी लाल नेलपॉलिश लावलं. रंगीत टेप लावून पाहिली होती, पण सोल्डरिंगच्या वेळी ती वितळते. नेलपॉलिश टोकापासून लांब असलं की टिकतं आणि करड्या बॅलास्टमध्ये पटकन डोळ्यात भरतं.

उद्घाटनाच्या थोडं आधी इलेक्ट्रिशियन पुन्हा आला, एक दिवा लागत नव्हता. थेट मुलाकडे गेला. मुलानं काकांकडे बोट दाखवलं.

"काका, चिमटा द्या जरा."

"बिल्ला?"

"माझ्याकडे कुठला आलाय बिल्ला?"

"मग बाइकची चावी ठेवा."

त्याला आधी गंमत वाटली. काका हसत नाहीत हे बघून त्यानं खिशातून चावी काढली, चौदा नंबरच्या खिळ्याला अडकवली आणि चिमटा घेऊन गेला. दिवा लागल्यावर पाचव्या मिनिटाला परत घेऊन आला.