तुम्ही विचारलंत म्हणून : मनासारखे यान जुळवता येईल असा उड्डाणाचा खेळ कोणता?

उड्डाणाचे सिम्युलेटर मी बरीच वर्षे खेळतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : ज्यात आपले यान नुसते रंगवता येत नाही, तर इंजिनापासून इंधनटाकीपर्यंत मनासारखे जुळवता येते, असा खेळ कोणता घ्यावा? आजकाल जवळजवळ प्रत्येक खेळाच्या जाहिरातीत ‘कस्टमायझेशन’ हा शब्द असतो, त्यामुळे विचारणाऱ्याचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न मला मनापासून आवडतो, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

माझी कसोटी एकच आहे. यानात केलेला बदल उडवताना हाताला जाणवला पाहिजे. जड चिलखत चढवल्यावर वळण रुंद होत नसेल, मोठी तोफ बसवल्यावर दुसऱ्या कशाची तरी वीज तोडावी लागत नसेल, तर त्या खेळात पर्यायांची यादी कितीही लांब असली तरी ती सजावटच आहे. वजन, वीज, उष्णता आणि जागा या चार गोष्टींचा हिशेब जो खेळ प्रामाणिकपणे ठेवतो, त्याच खेळात यान जुळवण्याला अर्थ येतो.

या कसोटीवर अवकाशयानांच्या खेळांत मी सर्वप्रथम ‘एलिट डेंजरस’चे नाव घेतो. त्याची परंपरा जुनी आहे. 1984 साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकासाठी ‘एलिट’ लिहिला, तेव्हाही खेळाडू शंभर क्रेडिट घेऊन निघत असे आणि व्यापारातल्या नफ्यातून लेसर, ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारा फ्यूल स्कूप, यान आपोआप स्थानकात लावणारा डॉकिंग कॉम्प्युटर असे एकेक साहित्य विकत घेत असे. ब्रेबेन यांच्याच फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने 2014 च्या डिसेंबरात ‘एलिट डेंजरस’ आणला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे आणि तिच्यात सुमारे 400 अब्ज तारामंडले आहेत. पण मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते स्थानकावरचे आउटफिटिंग, म्हणजे यानाचे भाग निवडून बसवण्याची सोय.

प्रत्येक यानात वीज निर्माण करणारा पॉवर प्लांट, यान ढकलणारे आणि वळवणारे थ्रस्टर, लांब उडीसाठीचा फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, लाइफ सपोर्ट, वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, सेन्सर आणि इंधनटाकी हे भाग असावेच लागतात. उरलेल्या खणांत काय भरायचे ते आपण ठरवतो. भागाला आकाराचा अंक असतो आणि ए ते ई असे प्रतीचे अक्षर असते. नवा खेळाडू साहजिकच सगळीकडे ए प्रत बसवायला जातो, कारण कामगिरी तिचीच उत्तम. परंतु डी प्रत सर्वांत हलकी असते, आणि फ्रेम शिफ्ट ड्राइव्हची उडी किती लांब जाईल हे यानाच्या एकूण वजनावर ठरते. म्हणून दूरच्या शोधमोहिमेवर निघणारा जाणता खेळाडू ड्राइव्ह तेवढा ए प्रतीचा घेतो आणि सेन्सर, लाइफ सपोर्ट यांसारखे भाग मुद्दाम डी प्रतीचे ठेवतो. याची किंमतही त्याला माहीत असते. काच फुटून कॉकपिटमधली हवा गेली, तर ए प्रतीचा लाइफ सपोर्ट 25 मिनिटे तग धरतो, ई प्रतीचा केवळ 5 मिनिटे, आणि डी प्रत या दोहोंत ईच्याच जवळ आहे. उडीचे अंतर वाढवताना आपण संकटकाळातली मिनिटे खर्च केली, हे भान खेळ सतत ठेवायला लावतो.

लढाऊ यानाचा हिशेब वेगळाच. शस्त्रे बाहेर काढली की ती वीज खेचू लागतात आणि मागणी पॉवर प्लांटच्या क्षमतेपलीकडे गेली, तर भाग आपोआप बंद पडतात. ते कोणत्या क्रमाने बंद पडावेत हे ठरवण्यासाठी 1 ते 5 असे प्राधान्यक्रम दिलेले आहेत. मालाचा दरवाजासुद्धा वीज खातो हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मी तो दरवाजा आणि फ्यूल स्कूप हे दोन्ही पाचव्या क्रमांकावर टाकतो, कारण लढाई चालू असताना या दोहोंचा काही उपयोग नसतो; ते बंद पडले की तीच वीज मारा अडवणाऱ्या शिल्डला आणि तोफांना मिळते आणि त्यामुळे कित्येकदा एक आकार लहान, म्हणून हलका, पॉवर प्लांट पुरेसा ठरतो. 2016 साली त्यात इंजिनीयर, म्हणजे भाग सुधारून देणारी पात्रे, आली आणि तयार भागांवरही कारागिरी करता येऊ लागली, तीही फुकटात नव्हे : थ्रस्टरचा वेग वाढवून घेतला तर उष्णता वाढते. या कारागिरीसाठी लागणारे साहित्य गोळा करण्यात पुष्कळ वेळ जातो, हे मी कोणापासून लपवत नाही. मात्र साधे भाग खरेदीच्याच किमतीला परत विकता येतात, त्यामुळे प्रयोग करायला नवख्यानेही कचरू नये.

‘एलिट’ची मर्यादा अशी की यानाचा सांगाडा आपला नसतो. पंख कुठे असावेत, इंजिने दोन असावीत की चार, हे ज्याला स्वतः ठरवायचे आहे, त्याला मी ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ सुचवतो. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने केलेला हा खेळ 2015 साली पूर्ण रूपात आला. त्यातली हिरवी, गोलमटोल पात्रे पाहून पुष्कळ जण त्याला लहान मुलांचा खेळ समजतात, पण त्यातले कक्षांचे गणित खरे आहे.

विमान जोडण्याच्या हँगरमध्ये खेळ दोन गोळे दाखवतो : पिवळा गोळा वजनाच्या केंद्राचा आणि निळा उद्धरणाच्या, म्हणजे हवा विमानाला वर उचलते त्या जोराच्या, केंद्राचा. निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागे असला पाहिजे. तो पुढे गेला, तर नाक थोडे वर होताच विमान उलटते. फार मागे राहिला, तर नाक उचलतच नाही. मालाची बैलगाडी भरणारा जसा ती उलाळ होणार नाही आणि धुरजडही होणार नाही असा भार लावतो, तीच ही विद्या आहे; फरक इतकाच की विमानाचा भार उडता उडता हलतो. इंधनटाकी पुढे असेल तर ती रिकामी होत जाते तसे वजनाचे केंद्र मागे सरकते, आणि धावपट्टीवरून सुरेख उठलेले विमान परतीच्या वाटेवर अचानक गिरक्या घेऊ लागते. म्हणून टाक्या केंद्राच्या दोन्ही बाजूंना वाटून ठेवायच्या आणि हँगरमध्येच त्या रिकाम्या करून पिवळा गोळा कुठे जातो ते पाहायचे. मागची चाकेसुद्धा वजनाच्या केंद्राच्या थोडीशीच मागे लावायची, नाहीतर वेग पुरेसा असूनही विमान धावपट्टी सोडत नाही. खऱ्या विमानांतही भार आणि इंधन ठरलेल्या मर्यादेत ठेवावे लागते, ते याच कारणाने.

रॉकेटच्या बाबतीत हा खेळ आणखी पुढे नेतो. मंगळयानाचे मुख्य इंजिन 440 न्यूटनचे, म्हणजे अगदी छोटे होते. त्यामुळे इस्रोने नोव्हेंबर 2013 मध्ये पृथ्वीजवळून जाताना ते पुनःपुन्हा चालवून कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवली आणि 1 डिसेंबरला यान मंगळाच्या वाटेला लावले. कर्बलमध्ये वजन वाचवण्यासाठी जड यानाला हलके, काटकसरीचे इंजिन लावून पाहा. एकाच दमात निघायचे म्हटले तर इंजिन इतका वेळ चालवावे लागते की तेवढ्यात यान योग्य जागेपासून दूर गेलेले असते. मग तुम्हालाही तेच टप्पे पाडावे लागतील, आणि इस्रोने तसे का केले हे वाचून कळते त्याहून कितीतरी पक्के कळेल. घ्यायचा तो मात्र पहिलाच भाग. दुसरा भाग 2023 साली अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि तो पूर्ण होण्याआधीच त्याचा स्टुडिओ बंद झाला.

ज्यांचे प्रेम खऱ्या विमानांवर आहे, त्यांच्यासाठी ‘एक्स-प्लेन’ आहे. तो पंख आणि पंखे यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा हवेचा जोर सतत मोजत राहतो, त्यामुळे आकार बदलला की उड्डाण बदलते. त्याच्यासोबत मिळणाऱ्या ‘प्लेन मेकर’मध्ये पंखाची लांबी, कोन, छेद, इंजिनाची जागा, सारे ठरवता येते. शिकायला ते कठीण आहे आणि दिसायला रूक्ष, पण माझ्या मते घरच्या संगणकावर याहून खोल विमानबांधणी सहज मिळत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘स्पेस इंजिनीयर्स’मध्ये ठोकळा ठोकळा जोडून यान बांधण्याचा आनंद मोठा आहे, पण त्यात थ्रस्टर कुठेही लावला तरी त्याचा जोर वजनाच्या केंद्रातूनच लागतो, म्हणून मी त्याला बांधकामाचा उत्तम खेळ म्हणेन, उड्डाणाचा नव्हे. ‘एक्स फोर : फाउंडेशन्स’मध्ये यानाचे भाग बदलता येतातच, शिवाय यान बांधणारी गोदीच आपल्या मालकीची करता येते, व्यापाराची आवड असेल तर अवश्य घ्यावा. ‘स्टारफील्ड’चा यानबांधणीचा विभाग देखणा आहे, परंतु ग्रहावर उतरण्याचे काम आपल्या हाती नसून चित्रफितीवर सोपवलेले आहे. ‘स्टार सिटिझन’साठी 2012 पासून लोकवर्गणी जमते आहे आणि तो अजून पूर्ण झालेला नाही, त्यात खऱ्या पैशांनी महागडी याने घेऊ नयेत, असे मी कळकळीने सांगतो.

खरेदीपूर्वी दोन व्यवहाराच्या गोष्टी पाहाव्यात. ‘एलिट’ एकट्याने खेळतानाही इंटरनेट अखंड लागते. ज्यांच्या गावी ते वरचेवर जाते, त्यांनी आधी ‘कर्बल’ घ्यावा, कारण तो इंटरनेटशिवाय चालतो आणि सुरुवातीला कीबोर्ड-माउसवरही नीट जमतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. ते दोन तास कथानकात घालवू नका. मिळालेले यान तसेच उडवून पाहा, मग त्यातला एखादा जड भाग काढून तीच वळणे पुन्हा घ्या, आणि दोन्ही वेळा यान सारखेच वळले तर खेळ परत करा.