चाळीस वर्षांच्या मॅचेस आणि एक न सापडणारी तारीख

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, कारण माझे सहा आठवडे त्यात गेले. कुठल्याही मॅचचं तिकीट ऑफिसच्या ईमेलवरून काढू नका. नोकरी सुटते, ईमेल बंद होतो आणि तुमच्या आयुष्यातला एक दिवस त्या खात्यात कुलूपबंद होऊन बसतो.

मी १९८४ मध्ये लग्न होऊन न्यूयॉर्कला आले, क्वीन्समधल्या एल्महर्स्टला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि तिथल्या एका मैत्रिणीने १९८५ च्या उन्हाळ्यात मला सेव्हन नंबरच्या ट्रेनने शे स्टेडियमला नेलं, न्यूयॉर्क मेट्स ह्या बेसबॉल संघाच्या मैदानावर. मेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ड्वाइट गुडन तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्याने २४ मॅचेस जिंकल्या आणि फक्त ४ हरल्या. त्याने एखाद्याला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याला ‘के’ (स्कोअर लिहिताना स्ट्राइकआउटची खूण) लिहिलेला एक पुठ्ठा अडकवायचे. मला नियम काही कळत नव्हते, पण ते ‘के’ मोजता येत होते. तेवढ्यावर मी मेट्सची झाले, ती आजतागायत.

निवृत्त झाल्यावर ठरवलं की स्वतः मैदानावर जाऊन पाहिलेल्या प्रत्येक मॅचची यादी करायची. टीव्हीवर पाहिलेल्या धरायच्या नाहीत. १९८६ च्या वर्ल्ड सीरिजमधली, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीतली, ती सहावी मॅच, समोरच्या बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि मेट्स जिंकले ती, मी घरीच पाहिली, म्हणून यादीत नाही. मला अजून हळहळ वाटते, पण नियम म्हणजे नियम.

तिकिटांची अर्धुकं मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. (डबा खिडकीजवळ ठेवू नका. बऱ्याच तिकिटांची छपाई उष्णतेने उमटवलेली असते, ती उडते. माझी काही तर पार कोरी झालीत. आधी सगळ्यांचे फोटो काढा, मग बाकीचं.) अर्धुकावर तारीख असली की पुढचं काम सोपं आहे. रेट्रोशीट नावाची एक साइट आहे, १९८९ पासून स्वयंसेवक जुन्या मॅचेसच्या नोंदी गोळा करतात, सगळं फुकट. तारीख टाकली की कोण खेळलं, कुठल्या इनिंगमध्ये किती रन झाले, सगळं समोर येतं. एका बैठकीत माझ्या तीस-तीस मॅचेस व्हायच्या. २१ सप्टेंबर २००१, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर शहरात झालेली पहिली मॅच, आठव्या इनिंगमध्ये मेट्सच्या पियाझाचा होम रन: अर्धुक होतं, मिळाली. २८ सप्टेंबर २००८, शे स्टेडियमचा शेवटचा दिवस, मेट्स हरले आणि स्पर्धेबाहेरही गेले: मिळाली. तीन महिन्यांत तीनशेच्या वर नोंदी झाल्या.

आणि मग २०१६ ची ती एक.

त्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले होते, वय ८२. बाबा म्हणजे आयुष्यभर क्लबच्या क्रिकेट मॅचेसचे स्कोअरर. मेट्सबद्दल त्यांना आपुलकी होती ती आर. ए. डिकी ह्या मेट्सच्या जुन्या पिचरमुळे. मुंबईत देहविक्रीत अडकवलेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे उभे करायचे म्हणून तो २०१२ मध्ये किलिमांजारो चढला होता, पुढच्या वर्षी मुंबईलाही येऊन गेला. हे मी त्यांना फोनवर सांगितलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. मेट्सच्या नव्या मैदानाच्या, सिटी फील्डच्या, पायऱ्या चढताना पहिला प्रश्न तोच: “तो डोंगर चढलेला कुठे आहे?” म्हटलं, “बाबा, त्याला टोरंटोला देऊन टाकला. त्याच्या बदल्यात मिळालेला पिचर सिंडरगार्ड आता आपला हुकमी एक्का आहे.” बाबा म्हणाले, “माणसं अशी देतात होय?” आणि बराच वेळ गप्प बसले. सातव्या इनिंगला ते दमले, आम्ही निघालो. ती आमची दोघांची मैदानावरची शेवटची मॅच. २०१९ मध्ये बाबा गेले.

ह्या मॅचचं अर्धुक नव्हतं. तिकीट फोनवर होतं, तो फोन केव्हाच मोडीत गेला. समोर कुठला संघ होता हेही ठामपणे आठवेना, फक्त निळ्या टोप्या डोळ्यांसमोर होत्या, आणि निळ्या टोप्या निम्म्या संघांच्या असतात. बाबा मे अखेर ते ऑगस्ट इथे होते. म्हणजे घरच्या मैदानावरच्या कितीतरी मॅचेस, त्यातली एक आमची.

तिकीट मी एका दुसऱ्यांची तिकिटं विकणाऱ्या कंपनीकडून घेतलं होतं. लॉग इन केलं, पासवर्ड बरोबर निघाला. पण फोन नवा, म्हणून कोड पाठवला, तो ऑफिसच्या ईमेलवर. तो ईमेल मी निवृत्त झाले त्या महिन्यातच बंद झालेला. चॅटवर विचारलं, तर उत्तर आलं की ईमेल बदलायला आधी लॉग इन करा. मी लिहिलं, लॉग इन होत नाही म्हणूनच ईमेल बदलायचाय. पुन्हा तेच वाक्य आलं, अक्षर न अक्षर तेच.

फोन केला. पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलीने २०१६ मध्ये वापरलेल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. ते कार्ड दोनदा बदललेलं. बँकेत गेले, तर एवढी जुनी स्टेटमेंट त्यांच्याकडे नव्हती. हॉस्पिटलच्या माझ्या जुन्या विभागात फोन केला, तिथल्या मुलाने मनापासून शोधलं, पण मेलबॉक्स पुसून टाकलेला.

मग ओळख पटवायचा फॉर्म. लायसन्सचा फोटो लावा. लावला. अकरा मिनिटांत नकार: नाव जुळत नाही. माझ्या लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं आहे, खात्यावर फक्त नाव-आडनाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको, आपलं नाव इथे दर कागदावर वेगळं असतं. पासपोर्ट लावला, तिथेही मधलं नाव. नकार. लग्नाचा दाखला भाषांतरासकट लावला. नकार, आणि ह्या वेळी लिहिलं होतं की तीन प्रयत्न झाल्यामुळे फॉर्म तीस दिवस बंद.

त्या रात्री मी खरोखर रडले. पैसे परत मागत नव्हते, तिकीट बदलून मागत नव्हते. मी त्यांना पैसे मोजून विकत घेतलेला एक दिवस कोणता होता, एवढंच विचारत होते.

पुन्हा फोन. ह्या खेपेचा माणूस समजूतदार वाटला. सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, खातं न उघडताही मी आतून ऑर्डर शोधू शकतो. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने विचारलं, “मॅचची तारीख सांगा.” मी म्हटलं, तीच तर हवी आहे. तो म्हणाला, तारखेशिवाय शोधता येत नाही. मी फोन ठेवला.

दादाला पुण्यात हे सगळं सांगत होते, निव्वळ मन मोकळं करायला. तो मधेच म्हणाला, “अगं, बाबांच्या डायरीत अमेरिकेचा एक कागद आहे. त्यावर भाजीचा डाग पडलाय म्हणून टाकणार होतो.” मी ओरडलेच, “टाकू नकोस!”

तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो आला. चार घड्यांचा कागद, पेन्सिलीने आखलेले चौकोन. डाग भाजीचा नव्हे, प्रेट्झेलबरोबरच्या मोहरीचा. मी त्यांना त्या दिवशी सांगितलं होतं की प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. बाबांनी ते देवनागरीत उतरवलं होतं, ‘६-४-३’, म्हणजे चेंडू सहाकडून चारकडे आणि तिथून तीनकडे, आणि पुढे त्यांच्या बारीक अक्षरात ‘दोघे बाद’. तारीख मात्र नव्हती! क्लबच्या वहीत तारखेवाचून पान न सुरू करणारा माणूस, आणि इथे नेमकी तारीख नाही. पण पाहुण्यांच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत लिहिलं होतं ‘फ्रीमन’. तो तेव्हा अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा, म्हणजे समोर ब्रेव्ह्ज. त्या जूनमध्ये ब्रेव्ह्ज तीन दिवस आले होते, १७, १८ आणि १९ तारखेला, आणि तिन्ही मॅचेस जिंकून गेले. रविवारी तर मेट्सचा एकही रन नव्हता. बाबांच्या खालच्या, म्हणजे मेट्सच्या, ओळीत रन होते, म्हणून रविवार गेला. उरलेल्या दोन दिवसांच्या इनिंगवार ओळी बाबांच्या ओळीशेजारी ठेवल्या. पहिल्या इनिंगपासून सातव्यापर्यंत आकड्याला आकडा जुळला तो शनिवार, १८ जून.

म्हणून सांगते, मैदानावर गेलात की स्कोअरबोर्डाचा एक फोटो काढाच, दिवसाच्या शेवटी. फोनमधलं तिकीट दिसेनासं होण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. आणि शक्य असेल तर पेन्सिलीने स्कोअर लिहा, चुकला तरी चालेल.

हो, पावसाचं राहिलं. अर्धुकावरची तारीख आणि मॅच खरोखर झाली ती तारीख वेगळी असू शकते. शिकागोच्या रिगली फील्ड ह्या मैदानावर मॅचसाठी दिवे पहिल्यांदा लागले ८ ऑगस्ट १९८८ ला, पण साडेतीन इनिंगनंतर पाऊस आला आणि ती मॅच धरलीच गेली नाही. नोंदीत पहिली रात्रीची मॅच ९ ऑगस्टची. माझ्या अशा चार आहेत. त्या मी यादीत घेतल्यात, भिजले मी होते.

तीस दिवसांनी कंपनीचा ईमेल आला की तुमची तक्रार सोडवली आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा. मी लांबलचक उत्तर लिहिलं, एकही कडू शब्द न वापरता, आणि शेवटी तारीख लिहिली. पुढच्या कोणी विचारलं तर त्यांना शोधता येईल.

वहीत ती ओळ मी बाबांसारखीच पेन्सिलीने लिहिली. १८ जून २०१६, सिटी फील्ड, ब्रेव्ह्ज. शेऱ्याच्या रकान्यात: बाबा, सातव्या इनिंगपर्यंत. आता १९९१ ची दोन अर्धुकं राहिलीत, दोन्ही कोरी. एकाच्या मागे कोणाचा तरी फोन नंबर आहे, अक्षर माझंच.