समासातला ‘कुठे?’

स्मरणिका समितीने शिक्षकांची नावे घालून लिहा असे कळवले होते. आमच्या इंग्रजीच्या बाईंना ते खपणार नाही, म्हणून इथे त्या नुसत्या ‘बाई’च. १९८३ ते ८५ मध्ये जे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला होते, त्यांना वेगळे सांगायला नको.

ती वर्षे परळ-लालबागला कशी गेली हे अनेकांनी लिहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांचा पगार बंद केला होता. कॉमर्स घ्यावे, टायपिंगच्या परीक्षा द्याव्यात आणि लवकर कुठेतरी चिकटावे, हा शहाणपणा. आर्ट्सला गेलेला पोरगा म्हणजे हातचा गेलेला. आणि अशा पोरांना शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर थांबवून बाई शेक्सपिअर शिकवायच्या. तो अभ्यासक्रमात नव्हता. अभ्यासक्रमातले वेचे आणि कविता गाईडवर निभावत, आणि गाईडवर निभावणाऱ्या गोष्टींचा बाईंना मनस्वी कंटाळा होता.

पुस्तके विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. बाईंकडे फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेला, पुठ्ठा सुटलेला एक ठोकळा होता. त्यातून त्या स्टेन्सिल कापत आणि ऑफिसातल्या सायक्लोस्टाईल मशीनवर ‘मॅकबेथ’चा एकेक अंक काढून देत. शाईचा वास यायचा आणि बोटे काळी व्हायची. मात्र ओळ जिथे तुटायची तिथेच त्या ती तोडत. कागद वाचवायला कधी दोन ओळी एकत्र टाईप केल्या नाहीत. याचा उपयोग पुढे झाला.

आम्ही मराठी माध्यमाची पोरे. इंग्रजी बोलायला तोंड उघडायचे नाही, पण वृत्ते पक्की. शार्दूलविक्रीडित म्हटले की झोपेतही म स ज स त त ग. बाईंनी नेमके तेच धरले. पहिल्या दिवशी अर्थ सांगितलाच नाही. फळ्यावर मराठी श्लोकाची एक ओळ लिहून गण पाडायला लावले, मग खाली इंग्रजी ओळ लिहिली आणि म्हणाल्या, आता हिचे पाडा. कोणाला जमेना. तेव्हा त्यांनी डस्टर उचलला आणि टेबलावर ठोके दिले. आपल्याकडे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे मोजतात, तिकडे आघात कुठे पडतो ते. ओळीत साधारण दहा अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आणि एक सोडून एकावर जोर, म्हणजे पाच ठोके. पुढचे कित्येक शनिवार वर्गात बाकं वाजत होती. शेजारच्या वर्गातून एकदा तक्रारही आली.

मग चेटकिणी आल्या. त्यांच्या ओळी या मापात बसेनात. जोर पहिल्याच अवयवावर, आणि ठोके चारच. एका शब्दाचाही अर्थ न लागता आम्हाला एवढे कळले की या बायका बाकीच्यांसारख्या नाहीत. अर्थ नंतर आला. मी आजही नवी कविता आधी मोठ्याने वाचतो, ती मराठी असली तरी.

पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश मात्र माझ्या डोक्यात कोरला गेला आहे. लेडी मॅकबेथ झोपेत चालते, हातावरचे न दिसणारे रक्त चोळते. बाई वाचायला सुरुवात करणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, इथे ओळी शेवटपर्यंत गेल्यात.” म्हणणारा आमच्यातला सर्वांत मठ्ठ समजला जाणारा. बाईंनी कागद खाली ठेवला. आम्ही मागची पाने काढून तपासली. नवऱ्याचे पत्र वाचून दाखवते तेवढे सोडले तर ही बाई नाटकभर पद्यातच बोलते. इथेच तिचे पद्य सुटते. का? वर्ग गप्प. मग तोच म्हणाला, “झोपेत माणूस मोजून कुठे बोलतो?” बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. लगेच कोणीतरी खुनानंतरच्या प्रवेशातला दारवान काढला. तोही गद्यातच बोलतो, पण जागा असतो. “तो प्यायलेला असतो ना,” मागच्या बाकाचे उत्तर तयार होते. असे वाद आम्ही घातले. कोणत्याही गाईडात ते नव्हते.

वर्ड्‌सवर्थच्या डॅफोडिलांबद्दलही असेच झाले. हे फूल परळमध्ये कोणी पाहिले होते? बाई म्हणाल्या, फूल राहू दे, माणसे मोजा. कवी म्हणतो मी एकटाच भटकत होतो. पण १५ एप्रिल १८०२ रोजी त्याच्यासोबत बहीण डोरोथी होती आणि तिच्या डायरीत ती फुले आहेत. कविता छापून आली १८०७ मध्ये, आणि तिच्यात बहीण नाही. तर तिला का गाळली? यावर दोन पाने लिहून आणायची होती. मुलींनी कवीला चांगलेच झोडपले.

त्या दोन पानांचे काय व्हायचे ते सांगतो. तुम्ही लिहिले, ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे,’ की समासात लाल शाईने, मराठीत, ‘कुठे?’ यायचे. लिहिले, ‘कवितेत दुःख आहे,’ की पुन्हा ‘कुठे?’ कवितेतले शब्द उचलून दाखवल्याशिवाय एकही विधान सुटायचे नाही. ‘सुंदर’ हे विशेषण तर जवळजवळ हद्दपार होते. बोर्डाच्या पेपरात याचे किती मार्क मिळाले ते विचारू नका. गाईड घोकणाऱ्यांना आमच्याइतकेच मिळाले. पण मी पुढे आयुष्यभर सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिल्या आणि तपासल्या. माझ्या हाताखालच्यांना हा ‘कुठे?’ चांगला माहीत आहे.

इंग्रजी शिकले की मराठी सुटते, असे तेव्हाही म्हणत आणि आताही म्हणतात. बाईंपुढे हे म्हणायची सोय नव्हती. विंदा करंदीकर मुंबईतल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत होते, मं. वि. राजाध्यक्ष एल्फिन्स्टनला तेच शिकवत होते, हे त्या लगेच ऐकवत. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले आहे, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. पण मूळ नाटक संपेपर्यंत ते वाचायला बंदी होती. ही बंदी किती जणांनी पाळली ते ज्याचे त्याला ठाऊक.

हल्ली बारावीचे इंग्रजी म्हणजे क्लासवाल्यांच्या नोट्स आणि पास होण्यापुरते मार्क. माझ्या पुतण्याच्या वहीत कवितेखाली रसग्रहणाचे तयार मुद्दे उतरवलेले होते. कविता त्याने वाचली नव्हती. त्याला दोष देत नाही, त्याला डस्टरचे ठोके कोणी ऐकवलेच नाहीत.

जाता जाता एक विनंती. ते सायक्लोस्टाईल कागद माझ्याकडे अजून आहेत, पण तिसरा अंक गहाळ आहे. मेजवानीत बँकोचे भूत येते तो. आमच्या बॅचच्या कोणाकडे असेल तर त्याची झेरॉक्स शाळेच्या ऑफिसात ठेवावी, मी येऊन घेऊन जाईन.