मिस इंडिया व्हायचंय, पण नक्की कोणती?

आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात अजून 1994 सालच आहे. गोव्यात मिस इंडिया झाली, सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण सारखे झाले, टाय ब्रेकरला सुश्मिता जिंकली, मग पहिली आली ती मिस युनिव्हर्सला गेली, दुसरी आली ती मिस वर्ल्डला आणि दोघीही मुकुट घेऊनच परत आल्या. तेव्हापासून आपण धरून चाललोय की स्पर्धा एकच असते आणि पहिला नंबर, दुसरा नंबर यावरून कोण कुठे जाणार ते ठरतं.

तसं आता राहिलेलं नाही, आणि माझ्या भाचीमुळे हे सगळं मला मुळापासून समजून घ्यावं लागलं. ताईचं सासर पिंपळगाव बसवंतला, दाजींची द्राक्षबाग आहे, मुलगी शिकायला नाशिकला म्हणून माझ्याकडे सिडकोत राहते. तिला या स्पर्धेत उतरायचंय आणि ती ते मनापासून म्हणतेय, एखादी रील बघून आलेलं खूळ नाहीये ते. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांना विचारायला कुणी नसतं, आणि जे सांगायला येतात त्यांना बहुतेक वेळा फी हवी असते.

तर पहिली गोष्ट. यात सरकारचा काहीही संबंध नाही, ऑलिम्पिकला असतात तशा संघटनाही नाहीत. मिस वर्ल्ड वेगळ्या लोकांची, मिस युनिव्हर्स वेगळ्या लोकांची, आणि ते प्रत्येक देशात कुणाला तरी लायसन्स देतात की तुमच्याकडून मुलगी पाठवा. मिस वर्ल्डला भारताची मुलगी फेमिना मिस इंडियातून जाते. मिस युनिव्हर्सला सुद्धा 2009 पर्यंत फेमिनाचीच जायची, मग 2010 पासून तीन वर्षं सुश्मिता सेनने सुरू केलेल्या आय अ‍ॅम शी मधून गेली, 2013 पासून मिस दिवा मधून, आणि 2024 पासून ते लायसन्स ग्लॅमानंद ग्रुपकडे गेलं, त्यांची मिस युनिव्हर्स इंडिया ही वेगळी स्पर्धा असते, 2024 आणि 2025 ला ती जयपूरला झाली. पहिल्या वर्षी गुजरातची रिया सिंघा निवडली गेली, 2025 ला राजस्थानची मनिका विश्वकर्मा. हरनाझ संधूने 2021 ला एकवीस वर्षांनी मिस युनिव्हर्सचा मुकुट आणला तेव्हा ती मिस दिवा होती, मिस इंडिया नव्हतीच, पण पेपरवाल्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे मिस इंडियाच म्हणत होते. मिस ग्रँड इंटरनॅशनल थायलंडवाल्यांची, तिची वाट आणखी वेगळी.

आता यात मुलीचं काय? मुलीचं हे की कुठल्या दारातून आत जायचं ते आधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येक दाराची वयाची अट वेगळी, करार वेगळा, आणि आत गेल्यावर मागतात तेही वेगळं. मिस युनिव्हर्सने लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकांना परवानगी दिली, नंतर वयाची वरची मर्यादाही काढून टाकली, म्हणजे तिथे अठ्ठाविसाव्या वर्षाची धास्ती आता नाही. वयाचं प्रकरण किती बारीक असतं बघा, उर्वशी रौतेला 2012 ला आय अ‍ॅम शी जिंकली होती, पण नियमापेक्षा वय थोडंसं कमी भरलं म्हणून मुकुट सोडावा लागला आणि तिच्या जागी शिल्पा सिंग गेली. उर्वशी परत 2015 ला मिस दिवा जिंकून त्याच मिस युनिव्हर्सला गेली! मी भाचीला ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तिला सगळं याच वर्षी हवंय.

मला जे मनापासून सांगायचंय ते हे की ही तयारी म्हणजे मेहनत आहे, आणि आपण नाशिककर मेहनतीला मान देणारे लोक आहोत. सावरपाड्याची कविता राऊत धावत धावत 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंगमध्ये रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला, त्यांच्या फोटोचे बॅनर आपण लावले, लावायलाच हवे होते. पण मुलगी म्हणाली की मी सौंदर्यस्पर्धेची तयारी करतेय की लगेच आवाज बदलतो, "अभ्यासाचं काय?" "घरचे काही म्हणत नाहीत का?" अरे पण ही मुलगी पहाटे उठून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जाते, रात्री पेपर वाचते, तेल-साखर सोडलीय, हे काय नुसतं नटणं आहे का?

एप्रिलमधली गोष्ट, आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत ही बाई उंच टाचांच्या सँडल घालून चालतेय, फरशीवर खडूने सरळ रेघ मारलेली, डोक्यावर वही. टाचेचा फोड फुटलेला, त्यावर चिकटपट्टी, तिच्यावर परत सँडलचा पट्टा. रेघेवरून पाऊल सरकलं की परत पहिल्यापासून. शेजारच्या गच्चीवरच्या आजी कपडे वाळत घालायच्या थांबून बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगं खांदे पाड जरा, मान अवघडलीय तुझी." आणि खरंच होतं ते, खांदे सोडल्यावर चाल एकदम सुटली. चालणं-बोलणं शिकवणाऱ्या कोणत्याही ग्रूमिंग क्लासने एवढं नेमकं सांगितलं नसतं.

क्लासवरून आठवलं, गेल्या वर्षी हायवेजवळच्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये एक 'राज्यस्तरीय' स्पर्धा होती, नाव घेत नाही. ऑडिशनची फी वेगळी, ग्रूमिंगची वेगळी, फोटोशूटची वेगळी, आणि तिकिटं विकायची जबाबदारी पण मुलींवरच. मी मेकअप रूममध्ये तिच्या निऱ्या पिनअप करत होते तर कोपऱ्यात एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात सॅशेस, म्हणजे खांद्यावरून आडव्या घालतात त्या किताबाच्या पट्ट्या, रचून ठेवलेल्या, मिस फोटोजेनिक, मिस ब्यूटिफुल स्माईल, मिस ग्लोइंग स्किन, मिस पॉप्युलर... मोजून बघा, जवळजवळ प्रत्येकीला एक. परीक्षक अजून हॉलमध्ये आलेसुद्धा नव्हते. घरी येताना रिक्षात ती गप्प होती, मग म्हणाली मावशी, मला मिळाली ती सॅश मी नाही लावणार कुठे. मला तिचा फार अभिमान वाटला.

तर पालकांनो, पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचारा, तोच पुरतो: इथे जिंकलेली मुलगी पुढे कुठल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाते आणि मागच्या वर्षी कोण गेली होती? जी गेली तिचं नाव त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या स्वतःच्या यादीत दिसलं पाहिजे. उत्तर गोलगोल आलं तर उठून या, आधीच काही फी भरली असेल तर ती गेली तर गेली.

खऱ्या स्पर्धेचंही सगळं छान आहे असं नाही. फेमिनाने 2017 पासून प्रत्येक राज्यातून एक मुलगी घ्यायची पद्धत आणली, लहान राज्यांसाठी हे फारच चांगलं झालं, पण आपल्या महाराष्ट्राची अडचण अशी की त्या एका जागेसाठी पिंपळगावची मुलगी आणि मुंबईत कित्येक वर्षं मॉडेलिंग करणारी मुलगी एकाच रांगेत. नाशिकला एखादी फेरी झाली पाहिजे, नागपूरला झाली पाहिजे, संभाजीनगरला झाली पाहिजे, असं मला वाटतं. आणि खर्च! सुश्मिताने स्वतः सांगितलंय की तिचा 1994 चा गाऊन सरोजिनी नगर मार्केटच्या कापडातून घराजवळच्या टेलरने शिवला आणि हातमोजे मोज्यांचे केले होते. आता गाऊनचे आकडे ऐकले की दाजींचा चेहरा बघवत नाही, यंदा बागेने साथ दिली नाही हे त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि मधु सप्रे. मराठी मुलगी, मुळात अ‍ॅथलीट, 1992 ला बँकॉकमध्ये मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती. प्रश्न आला की देशाची नेता झालीस तर पहिलं काय करशील, ती म्हणाली क्रीडासंकुल बांधेन. तिसरी आली, आणि त्या उत्तराने मुकुट घालवला असं आजतागायत बोललं जातं. गरिबीवर बोलायला हवं होतं म्हणे. मला ते उत्तर आजही बरोबर वाटतं, मैदानावर वाढलेल्या मुलीला जे कमी पडलं तेच तिने मागितलं. जिल्ह्यातली किती पोरं अजून डांबरी रस्त्यावर पळतात ते बघा आणि मग सांगा ती काय चुकीचं बोलली. 2025 ला मिस वर्ल्ड हैदराबादला झाली तेव्हा त्यातलं स्पोर्ट्स चॅलेंज गचिबावली स्टेडियममध्येच झालं, आणि ते जिंकणारी मुलगी थेट पुढच्या फेरीत जाते. तेव्हा धावणाऱ्या मुलींनो, तुमच्यासाठी जागा आहे तिथे.

उत्तराचंच आमचं घोडं अडलंय सध्या. मराठीत विचारलं तर भाची असं बोलते की ऐकत राहावं, कांद्याच्या भावापासून आजीच्या मोतीबिंदूपर्यंत काहीही विचारा. इंग्रजीत विचारलं की पाठ केलेलं येतं, डोळे छताकडे जातात. मिस युनिव्हर्सला दुभाषा घेता येतो, स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी मुली आपल्या भाषेत उत्तर देतात आणि जिंकतातही. आपल्याकडे मात्र सगळी तयारी इंग्रजीतच करून घेतात, मग मुलगी विचार काय करते ते बाजूला राहतं आणि उच्चार तेवढे ऐकू येतात. म्हणून आम्ही उलटं सुरू केलंय, आधी मराठीत उत्तर, मनातलं, तीस सेकंदात, मग तेच इंग्रजीत, साध्या शब्दांत.

त्यासाठी माणसं हवीत. घरच्यांचे प्रश्न आता तिला पाठ झालेत. नाशिकमध्ये कुणी शिक्षक, वकील, डॉक्टर, पत्रकार असाल आणि रविवारी सकाळी तासभर अनोळखी मुलीला अवघड प्रश्न विचारायची तयारी असेल तर मला मेसेज करा, चहा-पोहे माझ्याकडे. प्रश्न खरंच अवघड आणा, तिला सोपे नकोयत.