मुखत्यारपत्र दाजींच्याच नावे का केले

“माग ट्रकमध्ये चढवले त्या दिवशी शेडमध्ये हजर कोण होते?” विकलेल्या यंत्रमागांच्या पैशाचा चेक न वटता परत आल्याचे कळवल्यावर आमच्या वकीलसाहेबांनी सोलापूरहून मला पहिला प्रश्न विचारला तो हा. मी दुबईत होतो, कामावरून लगेच सुट्टी मिळणे शक्य नव्हते, आणि माझ्या डोक्यात तर मुखत्यार, म्हणजे माझ्या वतीने खटल्याचे काम पाहणारा, कोणाला करायचे हे आधीच ठरलेले होते. माझा चुलतभाऊ पदवीधर आहे, सरकारी कचेऱ्यांत त्याचा वावर आहे आणि जुळे सोलापुरातून न्यायालयात जाणे-येणे त्याला सहज जमण्यासारखे आहे. पण व्यवहाराच्या दिवशी तो तिथे नव्हता. तिथे होते ते दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

व्यवहार साधाच होता. वडिलांच्या पश्चात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा टॉवेलचा कारखाना बंद पडला होता आणि मी परदेशात असल्यामुळे तो पुन्हा चालू होण्याची आशा उरली नव्हती. सुट्टीवर आलो असताना आठ यंत्रमाग इचलकरंजीच्या एका खरेदीदाराला 6,80,000 रुपयांना विकले. त्यांपैकी 2,30,000 रुपये आधी खात्यात आले आणि उरलेल्या 4,50,000 रुपयांचा पुढील तारखेचा चेक त्यांनी दिला. माल उचलल्याच्या पावतीवर साक्षीदार म्हणून दाजींची सही आहे. 3 मार्चला तो चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ या शेऱ्यासह परत आला.

चेक न वटल्याची तक्रार परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली होते आणि तिथे दिवसांचा हिशेब फार काटेकोर आहे. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी समोरच्याला 15 दिवस मिळतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात फिर्याद दाखल व्हावी लागते. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, पण त्या आशेवर राहणे योग्य नाही. आमची नोटीस वकीलसाहेबांनी माझ्या लेखी सूचनेवरून 12 मार्चला पोचपावतीसह पाठवली आणि ती 16 तारखेला पोहोचली. नोटिशीत मागणी नेमकी चेकच्याच रकमेची ठेवली. व्याज आणि खर्च यांची सरमिसळ तिच्यात होऊ दिली नाही, कारण त्या एका चुकीवरही नोटीस सदोष ठरू शकते. 31 मार्चपर्यंत पैसे आले नाहीत, तेव्हा एप्रिल संपायच्या आत फिर्याद करणे भाग होते.

खरेदीदाराचे खाते इचलकरंजीत असल्यामुळे तिकडे खेटे घालावे लागतील, अशी धास्ती ताईला वाटत होती. 2015 च्या दुरुस्तीनंतर मात्र चेक घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात वटवायला भरला असेल, तर ते खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात खटला चालतो. माझे अनिवासी खाते सोलापूरच्याच शाखेत असल्यामुळे हा प्रश्न तिथेच मिटला.

आता मुखत्याराविषयी. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले की, कलम 138 ची फिर्याद मुखत्यारामार्फत करता येते. परंतु मुखत्याराला साक्ष द्यायची असेल तर त्याने तो व्यवहार स्वतः पाहिलेला असावा किंवा त्याला त्याची पुरेशी माहिती असावी, आणि ती माहिती असल्याचा स्पष्ट उल्लेख फिर्यादीतच असावा. त्याशिवाय मुखत्यारपत्रात तशी तरतूद नसेल तर त्याला आपले काम परस्पर तिसऱ्याकडे सोपवता येत नाही. नात्यात सर्वांत शिकलेला किंवा सर्वांत रिकामा माणूस निवडण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती या ठिकाणी घातक ठरते, असे मला आता मनापासून वाटते. चुलतभावाने उलटतपासणीत “मला दादाने फोनवर सांगितले” एवढेच उत्तर दिले असते, तर त्या साक्षीला काय वजन राहिले असते?

मसुदा वकीलसाहेबांनीच पाठवला. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र न करता त्यांनी फक्त या प्रकरणापुरते विशेष मुखत्यारपत्र करायला लावले. त्यात चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँक लिहिली. फिर्याद दाखल करणे, प्रतिज्ञापत्रावर साक्ष देणे, कागदपत्रे हजर करणे, वकील नेमणे आणि अपिलाची कामे पाहणे हे अधिकार एकेक करून नोंदवले. फिर्यादी मात्र मीच राहिलो. शीर्षकात माझे नाव आणि त्याखाली ‘तर्फे मुखत्यार’ म्हणून दाजींचे नाव आले.

तडजोडीच्या कलमावर आम्ही सर्वांत जास्त बोललो. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, म्हणून तो अधिकार मुखत्याराला द्यायचा की नाही, हे ठरवणे आवश्यक होते. मी दाजींना पूर्ण अधिकार द्यायला तयार होतो. त्यांनीच थांबवले. “तडजोड तुझ्या लेखी संमतीशिवाय नको, आणि पैसे माझ्या हातात नकोत, सरळ तुझ्या खात्यात जाऊ दे. उद्या घरात कोणी बोट दाखवायला नको,” असे ते म्हणाले. त्यांच्या त्या बोलण्याने माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर दुणावला, आणि कलम त्यांच्याच शब्दांच्या जवळ जाईल असे लिहून घेतले.

दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या व्यवस्थेत अधिकाऱ्यासमोर सही करून मी ते मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेतले आणि मूळ प्रत कुरिअरने पाठवली. भारताबाहेर केलेल्या अशा दस्तऐवजावर, तो महाराष्ट्रात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांत, येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. दाजींनी ते काम मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लगेच उरकले, आणि फिर्याद मुदतीत दाखल झाली.

समन्स निघाले, खरेदीदार हजर झाले, आणि यथावकाश दाजींची उलटतपासणी झाली. चेक आम्ही कोरा घेऊन नंतर भरला, असा खरेदीदारांच्या वकिलांचा बचाव होता. चेक कुठे लिहिला, असे विचारल्यावर दाजींनी सांगितले की, शेडच्या दाराजवळच्या बाकावर बसून खरेदीदारांनी तो स्वतः लिहिला आणि त्यासाठी पेन दाजींचेच मागून घेतले. निकाल अजून लागलेला नाही. मी पुढच्या सुट्टीत सोलापूरला आलो की तारखेला त्यांच्यासोबत जाणार आहे, जरी साक्षीसाठी माझी गरज नाही असे वकीलसाहेब सांगत असले तरी.