ह्याला काय धाड भरलीया?

सोमवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

हाताला अजून पेट्रोलचा वास येतोय. दोनदा साबण लावला, एकदा लिंबू, एकदा आईच्या सांगण्यावरून बेसन. जेवताना भाकरीलाही तोच वास. हिनं ताट वाढलं, खिडकी उघडली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

झोप येत नाही. कारण इतकं फालतू आहे की सांगायचीही लाज वाटते. आज संध्याकाळी मिस्त्रींनी डिकीतला गाडीचा जुना पेट्रोल-पंप उचलला, लिव्हर अंगठ्यानं दोन-तीनदा दाबली, पेट्रोल ओढायच्या तोंडावर बोट धरून परत दाबली. पंपानं बोट धरून ठेवलं. सोडेना, म्हणजे ओढ शाबूत. मिस्त्री म्हणाले, "ह्याला काय धाड भरलीया?"

एवढंच. आणि फडक्याला हात पुसायला लागले.

गाडी मधेच बंद पडायची म्हणून पूर्ण रविवार घातलाय मी तो पंप बदलण्यात. शनिवारीच उद्यमनगरात जाऊन नवा आणला. काउंटरवरचा म्हणाला, १९९७ ची कार्बोरेटरची मारुती आठशे म्हटल्यावर ओरिजिनल आता विसरा, लोकल घ्या. मी विचारलं, टिकेल का वर्षभर? "गाडी टिकती का बघा की साहेब आधी." साडेआठशे रुपये. खोक्यावर मारुतीच्या गाडीचं चित्र, तेही कुठल्या तरी दुसऱ्याच मॉडेलचं.

मिस्त्रींकडं का नेली नाही, हे हिनं विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांच्याकडं गर्दी असते. खरं म्हणजे मागच्या वेळी त्यांनी... जाऊ दे.

आणि काम खरंच अवघड नाही. हा पंप टाकीत बुडलेला विजेवरचा नव्हे, इंजिनला बाहेरून चिकटलेला, कांद्याएवढा. आत रबराचा पडदा. इंजिनातला कॅम, म्हणजे दांड्यावरचा उंचवटा, फिरला की लिव्हर हलते, पडदा ओढला जातो, टाकीतलं पेट्रोल येतं. पडदा सुटला की तेच कार्बोरेटरकडं, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भांड्याकडं, ढकललं जातं. वायर नाही, सेन्सर नाही. दोन बोल्ट आणि तीन पाइप. एक टाकीकडून येणारा, एक कार्बोरेटरकडं जाणारा, एक उरलेलं पेट्रोल माघारी नेणारा. अदलाबदल नको म्हणून हिच्या नेलपॉलिशनं खुणा केल्या. (ती बाटली आता पेट्रोलच्या बोटांनी चिकट झालीय. अजून तिला दिसलेली नाही.)

बॅटरीची मायनस आधी काढली. टाकीकडचा पाइप सोडल्यावर पेट्रोल ठिबकायला लागलं, त्यात एक बोल्ट कोंबला. जुनं पॅकिंग असं चिकटलेलं की तासभर ब्लेडनं खरवडत बसलो. कचरा इंजिनात पडू नये म्हणून भोकात फडक्याचा बोळा. आणि नेमकी तेव्हाच आई धूप घेऊन घरभर फिरत फिरत अंगणात आली. मी ओरडलो. देवाचा धूप आहे म्हणाली. म्हटलं, पेट्रोलला ते कळत नाही. ती फणकाऱ्यानं आत गेली. संध्याकाळी चहा हिनं दिला, आईनं नाही.

पाच वाजता सगळं बसलं. सेल्फ मारला, नाही. कार्बोरेटर रिकामा, पंपाला तो भरेपर्यंत वेळ लागणारच, हे माहीत होतं. तरी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला पोटात खड्डा पडलाच. पाचव्याला लागली. आणि काय लागली! रंकाळ्याला एक फेरी मारली, टॉवरपाशी उगाचच हॉर्न दिला. घरी आल्यावर जुना पंप वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकला. टाकताना त्याला म्हणालोसुद्धा, "लई छळलंस बाबा."

हेच ते. हेच मघापासून आठवतंय.

आज बावड्याकडं जाताना गाडी परत तशीच. हंगाम सुरू झालाय, पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली, त्याच्यामागं मी पहिल्या गिअरमध्ये रांगतोय, आणि गाडीनं दोन गचके दिले आणि गप्प. नवा पंप, चोवीस तासही झाले नव्हते. मागचे हॉर्न वाजवायला लागले. ढकलायला दोन कॉलेजची पोरं आली. एक म्हणाला, "काका, पंप गेला असणार." मला हसू आलं नाही.

तेव्हा जे वाटलं ते लिहून ठेवतो. वाटलं, मी हात घातलेलं काहीच धड होत नाही. शेताच्या कागदांचं तसंच झालं, वरच्या खोलीच्या गळतीचं तसंच. चाळिशी उलटली आणि बापाच्या गाडीखाली उताणा पडून मी शिकतोय, आणि तेही नीट नाही. रस्त्याच्या कडेला, अंगावर उसाचं पाचट उडत असताना, डोळ्यात पाणी आलं. धूळ होती असं म्हणता येईल.

मग फोन केलाच मिस्त्रींना. स्प्लेंडरवर आले. बोनेट उघडलंच नाही त्यांनी. आधी विचारलं, "टाकीत किती हाय?" थोडंच होतं. मग रस्त्यावर पोतं टाकून गाडीखाली गेले आणि टाकीजवळचा रबरी पाइप वाकवून दाखवला. क्लिपच्या खाली केसाएवढी चीर. पंप ओढतो तेव्हा तिथून पेट्रोलऐवजी हवा येते. टाकी भरलेली असली की गाडी चालते, कमी झाली की हवा धरते. मी मध्ये बसवलेल्या पारदर्शक फिल्टरमध्ये मला महिनाभर बुडबुडे दिसत होते. बुडबुडे दिसत होते! त्याचा अर्थ मी लावला, पंपात जीव राहिला नाही.

"उसाचं पेट्रोल हाय मर्दा," मिस्त्री खालूनच म्हणाले. "जुनं रबर ऱ्हातंय व्हय त्यात?"

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. २०३० पर्यंत गाठायचं ते २०२५ वर आणलं. आमच्या अर्ध्या एकरातला ऊस कारखान्यात जातो, त्याची मळी होते, मळीचं इथेनॉल, आणि तेच फिरून आमच्याच गाडीचा पाइप खातं. हे मिस्त्रींना म्हणालो तर ते हसले. मलाही हा विचार फार आवडला, घरी येईपर्यंत मनात घोळवला. मग लक्षात आलं, पाइप अठ्ठावीस वर्षांचा आहे. इथेनॉल नसतं तरी तो तडकलाच असता. पण कुणावर तरी ढकललं की हलकं वाटतं, आणि इथेनॉल उलटून बोलत नाही.

पंपही बोलला नाही.

दादा मात्र बोलला होता. म्हणजे बोलला नाही, "बरं" म्हणाला. गाडी पहिल्यांदा पन्हाळ्याच्या चढाला वाघबिळाजवळ बंद पडली, त्याच रात्री मी फोन करून म्हटलं, गणपतीत तू नेलीस, कुठलं तरी भेसळीचं पेट्रोल भरलंस, तेव्हापासून कचरा अडकलाय पंपात. अजूनही बोललो. गाडीचं सोडून बाकीचंही. तो सगळं ऐकून "बरं" म्हणाला आणि आईला दे म्हणाला.

आज मिस्त्रींनी टाकीचं सांगितलं आणि आठवलं. गणपतीनंतर त्यानं गाडी परत दिली तेव्हा टाकी फुल्ल करून दिली होती. न सांगता. काटा वर टेकलेला बघून मीच हिला म्हणालो होतो, ह्याला पैसे जास्त झालेत. त्याचं पेट्रोल टाकीत होतं तोवर गाडीनं कुरकुर केली नाही.

मिस्त्रींनी फूटभर नवा पाइप टाकला, साठ रुपये. इथेनॉलला चालणारा आहे म्हणाले. मजुरी विचारली तर, "ऱ्हाऊ दे, पंप झ्याक बसवलाय तुमी. पॅकिंगमधनं तेलाचा थेंब न्हाई." एवढं कौतुक ह्या माणसानं माझं कधी केलेलं नाही, आणि मला ते नको होतं. जुना परत लावू का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. का नको, कळत नाही. दुकानदार नवा परत घेणार नाही हे एक. पण जुन्याला पुन्हा इंजिनवर बसलेला रोज बघायचं म्हणजे...

आता तो इथं टेबलावर आहे, वर्तमानपत्रावर. हिनं विचारलं, "देवघरात ठेवू काय?" आई आतनं हसली, म्हणजे धुपाचं मिटलं बहुतेक. मी दोन-तीनदा लिव्हर दाबून बघितली. तोंडावर बोट धरलं. धरतो, अजून धरतो. पोराचं कौतुक असल्यासारखं मी परत परत करून बघतोय, रात्रीचे अकरा वाजता.

जेवण झाल्यावर दादाला मेसेज केला, गाडी झाली. खाली पाइपचं लिहिलं, मोठं लिहिलं, टाकीचंही लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेवढ्यात त्याचंच आलं, "पंपच होता काय?"

मी लिहिलं, "हो, पंपच."